अर्थिंगचा खड्डा

हर्सूल, औरंगाबाद
९ जानेवारी १९९४

प्रिय युसूफभाई यांस,
सप्रेम सलाम.

आज तुमचा पुतण्या हबीब सकाळी आला आणि दुपारपर्यंत होता. त्याने मीटरपासून सगळे वायरिंग पाहिले. तारांवरच्या लाकडी पट्ट्या दोन ठिकाणी उघडल्या. मी शिडी धरली. मग चहा झाला. तो गेल्यावर मी खाली पडलेला भुसा झाडून काढला. जेवण कालचेच होते.

तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्याचे हबीबकडून कळले. काळजी घ्यावी.

या घराचे वायरिंग तुम्ही चौऱ्याहत्तर साली केले होते. आता सगळे काढून नवीन करायचे ठरवले आहे. एकनाथला जाऊन आठ महिने झाले. सूनबाई सुगंधा आणि नात गोदा तेराव्यानंतर करमाडला गेल्या, त्या तिच्या माहेरीच आहेत. मी बोलावले नाही. कोणत्या घरात बोलवायचे, हा प्रश्न होता. जूनमध्ये गोदा पहिलीत जाईल. तोपर्यंत घर राहण्यासारखे करायचे आणि मग विचारायचे, असे मनात आहे. त्या आल्या नाहीत तर घर विकेन. मला एकट्याला एवढे लागत नाही.

मागच्या महिन्यात तिला पत्र लिहायला घेतले होते. सवयीने वर चि. सौ. लिहून झाले. कागद बदलला. मग लिहिलेच नाही.

आता मुख्य गोष्ट. हबीब नळाजवळ बसला होता, त्याने मला हाक मारली. म्हणाला, "काका, ये देखो. तार हाय, पन ती कुठंच जात नाय." तुम्ही अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधली होती. तेव्हा पाइप लोखंडी होता आणि जमिनीतून रस्त्यापर्यंत जात होता. आता तार बांधलेला तुकडा हातभरच उरला आहे. त्याच्या पुढे प्लास्टिक आहे. गेल्या शिमग्याच्या सुमारास पाइप बदलला. तारेचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

हबीबने समजावून सांगितले. पंपाचा करंट कूलरच्या पत्र्यात उतरला, तो या तारेने जमिनीत जायला हवा होता आणि फ्यूज उडायला हवा होता. वाट नव्हती म्हणून फ्यूज उडाला नाही. पत्र्यात करंट तसाच राहिला. एकनाथ बादली घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला गेला.

पाइप सुगंधाने बदलायला लावला होता. पाणी लाल यायचे, गोदाचे कपडे पिवळे पडायचे. ती एकनाथच्या मागे लागली होती. नवीन पाइपातून पाणी आले तेव्हा तिने पहिला तांब्या मला आणून दाखवला होता.

हे तिला कळता कामा नये. हबीबला तसे सांगितले आहे. तुम्हालाही सांगतो. नवीन वायरिंगचा आराखडा तुम्ही सांगावा, हबीब त्याप्रमाणे करील.

आपला,
बद्रीनाथ

*

परभणी
२० जानेवारी १९९४

बद्रीभाऊ,
सलाम.

डोळ्यावर हिरवी पट्टी आहे. मी बोलतो, बिल्किस लिहिते. ती म्हणते, अब्बा, शिव्या गाळून लिहीन. गाळू द्या.

पहिली गोष्ट, जुन्यातलं काहीच ठेवू नका. माझ्या हातची पट्टी आहे म्हणून तर बिलकुल ठेवू नका. दिव्या-पंख्यांच्या दोन लाइनी वेगळ्या करा, म्हणजे एक गेली तर अर्ध्या घरात उजेड राहतो. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, जाड तारेची. कूलरची वेगळी. कूलर वाचून तुम्ही कागद बाजूला ठेवाल, मला माहीत आहे. पण मे महिना कोणाचं ऐकत नाही. पोरगी झोपणार कशी? पॉइंट घेऊन ठेवा, कूलर आणायचा की नाही ते नंतर बघा.

प्रत्येक लाइनीला चिनी मातीच्या फ्यूजच्या जागी एमसीबी बसवा. फ्यूज उडाला की लोक हाताला येईल ती तार बांधतात. एमसीबीला तशी तार बांधता येत नाही. आणि मेनच्या पुढे ईएलसीबी. फ्यूज घर जळू देत नाही, हे यंत्र माणसाला मरू देत नाही. करंट चुकीच्या वाटेने चालला की हे पापणी लवायच्या आत लाइन तोडतं. हमारे टाइम में ये नहीं था.

अर्थिंगला स्वतःचा खड्डा. मोरीच्या बाजूला घ्या, तिथं ओल असते. पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर. तुमच्याकडे मुरूम आहे, तो लवकर कोरडा पडतो, आणि कोरडी जमीन करंट घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालत राहायचं, झाडाला घालतो तसं. लोक खड्डा करतात आणि विसरतात.

नळाला तार मी बांधली. तेव्हा सगळे तशीच बांधायचे. हे बिल्किस लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.

सून को बताना, बद्रीभाऊ. उद्या ती दुसऱ्या कुठल्या घरात राहील, तिथंही नळ असेल. ज्याला माहीत असतं तोच बघतो.

तुमचा,
युसूफ

काका, तुमचं पत्र वाचून दाखवल्यापासून अब्बा नीट जेवत नाहीत. हे त्यांना न सांगता लिहिलं आहे. बिल्किस.

*

हर्सूल
२ फेब्रुवारी १९९४

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गोदाचा खोकला गेला का ते कळव.

घराचे वायरिंग नवीन करून घेत आहे. युसूफभाईंनी आराखडा सांगितला, हबीब काम करील. जुनी तार उंदरांनी आतून कुरतडली होती, त्यामुळे ते झाले असे त्याचे म्हणणे आहे. आता लाकडी पट्ट्या निघतील आणि सगळे नवीन होईल. नवीन यंत्रही बसणार आहे. ते माणसाला धक्का बसू देत नाही.

सोबत घराचा नकाशा काढून पाठवला आहे. ऑफिसात सवय होती म्हणून मापात आहे. जिथे दिवा आहे तिथे गोल आणि जिथे प्लग आहे तिथे चौकोन काढला आहे. स्वयंपाकघर आणि तुमची खोली मोकळी सोडली आहे. तुला कुठे काय हवे ते पेन्सिलीने काढून परत पाठव. भिंती फोडल्यावर बदल करता येत नाही.

तू येशीलच असे धरून हे लिहिलेले नाही. पण आलीस तर तुझ्या हाताला सोयीचे असावे.

विहीणबाई मनकर्णाबाईंना नमस्कार. कडूबास आशीर्वाद.

बद्रीनाथ

*

करमाड
१३ फेब्रुवारी १९९४

ती. मामांना,
सा. न.

पत्र आणि नकाशा मिळाला. खोकला गेला. गोदा मजेत आहे, पण बटणाला हात लावत नाही. दिवा लावायचा झाला तर लाटणं घेते आणि लाटण्याच्या टोकानं दाबते. कडूबादादा तिला चिडवतो, "काय गं लाईनमनबाई, लाटणं कुठाय तुझं?" ती हसत नाही. मी तिला दाबू देते.

नकाशा आईनं पाहिला. तिला वाटलं घर विकायचा कागद आहे. मी सांगितलं, वायरिंग आहे. तर म्हणाली, "त्या घराच्या भिंतीत जनावर हाय. किती बी रंगवा, ते हायच. नाय जायचं तिथं." दादा म्हणाला, "आये, जनावर समद्यांच्या भिंतीत हाय, आपल्या बी. लाइट लावू नगं मग." त्यावर दोघांचं भांडण झालं आणि भाकरी करपली.

मी खुणा केल्या आहेत. मिक्सरचा प्लग ओट्याच्या डाव्या हाताला, मोरीपासून लांब. आमच्या खोलीत एकच दिवा पुरे. बाहेरच्या खोलीत गोदाच्या हाताला येईल असं एक बटण खाली घ्या. ती दाबेल की नाही माहीत नाही.

तुमच्या खोलीत तुम्ही एक गोल काढला आहे, बाकी काही नाही. पंखा नाही, प्लग नाही. इतक्या मापानं काढलेल्या नकाशात ते राहून गेलं असेल असं मला वाटत नाही. पंखा काढा आणि उशाशी एक दिवा. तुम्ही पेपर वाचता.

उंदरांचं वाचलं.

अर्थिंगचं काय करणार आहात, ते लिहिलं नाहीत.

सुगंधा

*

हर्सूल
६ मार्च १९९४

प्रिय युसूफभाई,
सलाम.

खड्डा झाला. मुरूम लवकर लागला आणि त्याखाली काळा दगड. हबीब दमला. चतुराबाई शेजारच्या भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, सोनं पुरायलेत का काय?" हबीब म्हणाला, "मीठ आन् कोळसा पुरायलोय मावशी. सोन्यातून करंट कोन सोडतंय?" त्या त्याला वेडा म्हणून आत गेल्या. नंतर त्यांनी दोघांसाठी ताक पाठवले.

आतल्या पट्ट्या निघाल्या. भिंतीवर जिथे पट्टी होती तिथे जुना रंग राहिला आहे. सगळ्या घरात हिरव्या रेघा दिसतात. दिवा सध्या एकच लागतो.

सुगंधाने अर्थिंगचे विचारले आहे. तो शब्द तिने कुणाकडून तरी ऐकला असावा. तुम्ही सांगा म्हणता, पण मला ते जमणार नाही. ती सव्वीस वर्षांची आहे. पुढे सगळे आयुष्य आहे आणि रोज नळाला हात लावायचा आहे.

यावर एक उपाय काढला आहे. प्लास्टिकचा पाइप काढून पुन्हा लोखंडी टाकतो. मग ती आली तरी नळाजवळ तिला वेगळे काही दिसणार नाही आणि ती संबंध जोडणार नाही. तिला कळवले आहे की खड्डा खोदताना फावड्याने पाइप फुटला, म्हणून बदलतो. हबीबला हे पटले नाही. "लाल पानी फिर से?" म्हणाला. गावावरून प्लंबर आला की काम करून घेईन.

डोळ्याची पट्टी निघाली का ते कळवावे. बिल्किसला सांगा, तिची खालची ओळ वाचली. तुम्ही जेवत जा.

बद्रीनाथ

*

करमाड
२७ मार्च १९९४

ती. मामांना,
सा. न.

पाइप लोखंडी करू नका.

तो फावड्यानं फुटला असं लिहिलंत. कडूबादादा तुमचं पत्र आल्यावर तिकडे ज्वारी द्यायला आला होता. त्यानं त्याच नळावर हातपाय धुतले. पाइप चांगला आहे म्हणाला. खड्डा तर मोरीच्या पलीकडे आहे.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी नळावर भांडी घासत होते. मागं तार लोंबत होती. लोखंडाच्या तुकड्याला बांधलेली, आणि त्याच्या पुढं आपला नवा पाइप. मी बारावीला विज्ञानाला होते मामा. भांडी घासून होईपर्यंत कळलं होतं.

तुम्हाला माहीत नाही असं मी धरून चालले होते. एक ना एक दिवस कोणीतरी सांगेल आणि मग तुम्ही माझ्याकडे बघाल, तेव्हा मला तिथं असायचं नव्हतं. म्हणून इकडे आले. आईला वाटतं मी घराला भिते. तिला तसंच वाटू दिलं.

मग तुम्ही उंदीर लिहिलेत. आपल्या घरात उंदीर कधी नव्हते. त्यानंतर फावडं लिहिलंत. तेव्हा समजलं की तुम्हालाही कळलं आहे, आणि तुम्ही ते मला कळू नये म्हणून चांगलं पाणी पुन्हा लाल करायला निघालात.

पाणी स्वच्छ येतं. ते तसंच राहू द्या. अर्थिंग वेगळी घेतली ते बरोबर आहे. जुनी तार मात्र कापून टाका, नुसती लोंबती ठेवू नका. पुढं कोणी ती बघून सगळं ठीक आहे असं समजेल.

खड्ड्याला पाणी कोण घालतं?

सुगंधा

*

हर्सूल
३ एप्रिल १९९४

चि. सुगंधा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. दोनदा वाचले.

पाइप बदलत नाही. प्लंबरला निरोप दिला. जुनी तार आज मीच पक्कडीने कापली. लोखंडाचा तुकडाही काढला.

खड्ड्याला पाणी मी घालतो. नळ आला की एक बादली.

माझ्या खोलीत पंखा आणि उशाशी दिवा घेतला आहे. गोदाचे बटण खिडकीच्या खाली घेतले. स्वयंपाकघर तुझ्या खुणांप्रमाणे आहे.

पाइप बदलावा असे घरात आपण तिघेही म्हणत होतो. मीही म्हणत होतो. पहिला तांब्या मी प्यालो होतो. एवढेच लिहितो.

बद्रीनाथ

*

करमाड
२४ एप्रिल १९९४

ती. मामांना,
सा. न.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

गोदाचं नाव तिथल्या शाळेत घालायचं. जन्माचा दाखला दादानं काढून आणला आहे. वर्षश्राद्धाला आम्ही येतो. त्यानंतर परत जाणार नाही. आई आमच्याबरोबर चार दिवस राहणार म्हणते. "बघू दे कसलं यंत्र बशिवलंय त्या माणसानं," असं म्हणाली. तिला यंत्राचं बटण दाबून दाखवा, म्हणजे गप बसेल.

गोदाला सांगितलं की आजोबांनी तुझ्यासाठी खाली बटण घेतलंय. तिनं विचारलं, लाटणं न्यायचं का? मी हो म्हणाले. पिशवीत भरलं आहे.

आल्यावर खड्ड्याला पाणी मी घालीन. ते काम माझ्याकडे द्या. तोवर तुम्ही घाला. ऊन लई आहे, विसरू नका.

सुगंधा

*

हर्सूल
८ मे १९९४

प्रिय युसूफभाई,
सलाम.

आज हबीब शेवटचे काम करायला आला. दोन बटणांच्या पाट्या बसवायच्या राहिल्या होत्या. नंतर त्याने मित्राकडून आणलेल्या यंत्राने अर्थिंग मोजली. काटा मार्चपेक्षा वर गेला होता, म्हणजे जमीन करंट कमी घेत होती. म्हणाला, "काका, जमीन प्यासी है." मी म्हटले, पाणी घालतो आहे. त्याने सांगितले की एक बादली मुरमाला पुरत नाही, नळ आला की दोन घाला. आठवड्यातून दोनदाच पाणी येते. तरी घालीन.

ईएलसीबीचे टेस्टचे बटण त्याने माझ्याकडून दाबून घेतले. खटका खाली पडला आणि सगळे घर बंद झाले. पंखे हळूहळू थांबले. मी खटका वर केला. पुन्हा दाबले. तो म्हणाला, "बस करो काका, खेळणं नाय ते. घर हाय का सबस्टेशन?" महिन्यातून एकदा दाबायचे आहे. कॅलेंडरवर खूण केली.

कूलर इतके दिवस छतावर ठेवला होता. एकाने मागितला होता, पंप बदलून वापरतो म्हणाला. दिला नाही. आज हबीबने हातोड्याने पत्रे वेगळे केले, मगच भंगारवाल्याला दिले. पॉइंट मात्र भिंतीत आहे. नवीन आणायचा की नाही ते सुगंधा ठरवील.

तुम्ही सांगा म्हणाला होतात. सांगावे लागले नाही. तिने तेराव्याच्या आधीच नळाजवळची तार पाहिली होती. मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती माझ्यापासून. वर्ष त्यातच गेले. पुढच्या आठवड्यात त्या येतात. श्राद्धानंतर इथेच राहणार आहेत. घर विकायचा विषय संपला.

भिंतींवरच्या हिरव्या रेघा तशाच आहेत. रंग द्यायचा तर आधी घरात माणसे यावीत, मग त्यांनी ठरवावा.

खड्ड्याला पाणी घालायचे काम तिने मागून घेतले आहे. ती येईपर्यंत माझ्याकडे आहे.

हबीब जेवून गेला. मी पाट्यांवरचे बोटांचे डाग फडक्याने पुसले. तेवढ्यात नळ आला. पाणी स्वच्छ होते. आधी पिण्याचे भरले, मग दोन बादल्या. खड्ड्याचे झाकण काढले आणि पहिली बादली हळू ओतली. पाणी वर थांबले. ते खाली जाईपर्यंत उभा राहिलो. मग दुसरी ओतली आणि झाकण लावले.

बद्रीनाथ